एक जूनचं बाळ

आमच्या पेण-वडखळ भागात एक जूनला जितकी माणसं जन्मली, तितकी वर्षाच्या उरलेल्या सगळ्या दिवसांत मिळून जन्मली नसतील. याचं श्रेय आमच्या आयांना नाही, जुन्या मास्तरांना आहे. पोराला शाळेत घालायला आणलं की मास्तर बापाला जन्मतारीख विचारायचे, बाप डोकं खाजवायचा, आणि मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. सगळा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला. त्या मास्तरांच्या आळसावर आज माझं घर चालतं, कारण मी वाढदिवसाचे फ्लेक्स छापतो. मे महिना संपत आला की माझं मशीन थंड व्हायला मागत नाही.

पोयनाडच्या नाक्यावर माझं दुकान आहे. माझं नाव चंदर. या पट्ट्यातला प्रत्येक भावी माणूस माझ्या कॉम्प्युटरमधून गेलेला आहे. भावी सरपंच, भावी सभापती, भावी आमदार. त्यांच्या गालावरचे खड्डे मी बुजवतो, केस काळे करतो, डोळ्यावर गॉगल चढवतो. खाली शुभेच्छुकांचे चौकोन टाकतो. त्यातले निम्मे लोक एकमेकांशी बोलत नाहीत, पण बॅनरवर खांद्याला खांदा लावून हसतात.

त्या सगळ्या एक जूनवाल्यांमध्ये सगळ्यात मोठा बॅनर काळूरामशेठचा. काळूरामशेठ म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, अमिषाचे सासरे. गेली कित्येक वर्षं ते भावी जिल्हा परिषद सदस्य आहेत आणि त्यात त्यांचा आनंद आहे. त्यांचा बाप मिठागरात राबला. शेठनी त्याच मिठागरावर मुरूम टाकून हायवेच्या कडेला ट्रकचा वजनकाटा उभा केला. मागे दोन मजली घर, पुढे काटा. घरातून हायवेला यायचं तर काट्यावरूनच यावं लागतं, आणि काट्यावर आलं की आकडा लागतो. नवी गाडी आली की आधी काट्यावर, मग तिची पूजा. निकेतचं, म्हणजे माझ्या मेव्हण्याचं लग्न झालं, तेव्हा नवरानवरीची गाडी हारतुऱ्यांसकट काट्यावर उभी करून पावती काढली होती. ती पावती देव्हाऱ्यात आहे.

शेठचं म्हणणं एकच. ते सगळ्यांना तेच सांगतात, "मानूस खोटा बोलतो, कागूद खोटा बोलतो. काटा खोटा बोलत न्हाय." त्यांना चेष्टेवारी न्यायचं कारण नाही. त्यांच्या काट्याची पावती थळपासून पनवेलपर्यंत कोणी परत तपासत नाही. आणि त्या काट्याच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरवर बसते आमची अमिषा. बी.कॉम. झालेली, जिभेने तिखट. कुठला ड्रायव्हर एक चाक काट्याबाहेर ठेवतो, कुठला क्लीनर वजन वाढवायला टपावर लपून बसतो, हे तिला खिडकीतून नुसतं बघून कळतं.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलत नव्हता. शेवटी अमिषाला दिवस गेले तेव्हा त्या घराने असा काही जल्लोष केला की गावाला वाटलं शेठ निवडून आले. तिची सासू येसूबाई हिने सुनेच्या खाण्यापिण्याचा ताबा घेतला. सकाळी तांदळाची भाकरी आणि तूप, दुपारी मच्छीचं कालवण आणि भात, मध्ये नारळाच्या वड्या, आणि आंब्याला तर मोजमापच नव्हतं. पुढे अलिबागच्या डॉक्टर रचना यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की हिला गरोदरपणातला मधुमेह झालाय. ब्लड प्रेशरही वर सरकतंय. हे जोखमीचं बाळंतपण आहे, सांभाळून राहा. इन्सुलिन सुरू झालं. येसूबाईने ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि घरी येऊन म्हणाली, "साकर वारली तं चाय बिनसाकरेची देव. आंब्यानी कुटं साकर घातलीय?"

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर सोनोग्राफीचा रिपोर्ट पसरलेला. भरलेल्या गाडीचा आकडा वाचावा तसा शेठ तो वाचत होते.

"चंदर, यंदाचा बॅनर डबल. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माजा नातू. वर लिवायचा, आजा-नातवाचा एकच वारदिवस. असा बॅनर या रस्त्याला कोनी लावला नसल."

मी म्हटलं, "शेठ, तुमचा वाढदिवस चार दिवसांवर आहे. अमिषाची तारीख तर जुलैत."

"तारीख जुलैची, पन माल आत्ताच भरलाय. वाच. तीन किलोच्या वर. निकेत जल्मला तवा अडीच किलोचा होता, पुऱ्या दिवसांचा. ह्यो पस्तीस आठवड्यात तीन किलो! गाडी भरली का सोराची, यार्डात उबी ठेवून काय करनार?"

"आणि मुलगी झाली तर?"

"पोट बगून कलतं. युवराज लिव."

मी प्रूफ केलं. बाळाच्या जागी तूर्त कोणाचं तरी गुबगुबीत बाळ टाकलं. शेठनी ते पाहिलं आणि म्हणाले, सगळं झकास आहे, फक्त याला गॉगल पाहिजे. मी न जन्मलेल्या भाच्याला गॉगल चढवला. मुलीकडच्या माणसाला त्या घरात "नाही" हा शब्द वापरायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे अलिबागला निघाले. मीही गेलो, कारण बॅनर मशीनवर चढवायचा तर तारीख पक्की हवी होती. डॉक्टर रचना बारीक चणीच्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी अमिषाला तपासलं, बाळाचे ठोके ऐकवले, साखरेचे आकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या. शेठनी आपला बेत सांगितला. एक जूनला सकाळी सिझर करा, दुपारच्या जेवणाच्या आधी फोटो पाहिजे.

डॉक्टरांना आधी वाटलं चेष्टा आहे. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शेठ, बाळाचं वय वजनावरून नाही काढत. सुरुवातीच्या महिन्यांत जी सोनोग्राफी केली, तिच्यावरून वय पक्कं झालंय. हे बाळ पस्तीस आठवड्यांचं आहे, मग ते तीन किलोचं असो की दोन किलोचं. आईची साखर वाढली की बाळ अंगाने फुगतं. पण फुप्फुसं मागे राहतात. उलट साखर असलेल्या आईच्या बाळाची फुप्फुसं जरा उशिराच तयार होतात. बाहेर काढलं की ते रडायला तोंड उघडेल आणि त्याला श्वास घेता येणार नाही. मग काचेची पेटी, मशीन, नळ्या."

"दम काय, भायेर आल्याव घेल," शेठ म्हणाले. "आमी काय पोटात दम घ्यायला शिकून आल्तो?"

"तुम्ही पुरे दिवस भरून आला होतात."

शेठ हार मानणारे नव्हते. कोणा ट्रान्सपोर्टवाल्याकडून ते माहिती काढून आले होते. "मंग ती सुईची तपासनी करा. पोटातला पानी काराचा, हलवाचा, फेस आला का पास. माज्या दोस्ताच्या बायकोची केल्ती, लई वर्सांपूर्वी."

डॉक्टर हसल्या. "बरोबर सांगितलं त्यांनी. पूर्वी करत होते. पाण्यात फेस टिकला की समजायचं, फुप्फुसं तयार आहेत. आता त्यावर कोणी तारीख ठरवत नाही. साखरेच्या पेशंटमध्ये तर ती तपासणी फसवीच निघायची. आणि एक साधी गोष्ट सांगते. आईच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका असेल तर फेस नसला तरी बाळ काढावं लागतं. धोका नसेल तर फेस असला तरी काढायचं नाही. हिचं प्रेशर उद्या भडकलं तर मी तुमची परवानगीसुद्धा मागत बसणार नाही, लगेच टेबलावर घेईन. पण एक जून हे काही दुखणं नाही, शेठ."

निकेत शेजारी बसून मोबाइलच्या कव्हरचं रबर ओढत होता. निकेत बापासमोर बोलत नाही. खरं तर तो बापाच्या मागेही फारसं बोलत नाही. अमिषाने त्याच्याकडे पाहिलं, त्याने रबर आणखी ओढलं.

परतताना गाडीत शेठ एकच वाक्य बोलले, "बाई शिकलेली हाय, पन मापात कच्ची हाय."

संध्याकाळपर्यंत त्यांनी दुसरा डॉक्टर शोधलादेखील. नवी मुंबईत एक चकाचक हॉस्पिटल होतं, हॉटेलसारखं. फोन केला की आधी गाणं लागायचं, मग एक मुलगी इतक्या गोड आवाजात बोलायची की माणसाला आजारी पडावंसं वाटावं. तिने ना साखर विचारली, ना आठवडे. तिने विचारलं, तारीख कुठली हवी आणि फोटोग्राफर तुमचा की आमचा. शेठ खूश झाले. म्हणाले, याला म्हणतात सर्व्हिस. ठरलं. एकतीस मेच्या सकाळी निघायचं, त्या दिवशी भरती व्हायचं, एक जूनला बाळ.

त्या संध्याकाळी अमिषाचा फोन आला. पोरगी लहानपणापासून कधी रडत नाही, भांडते. पण त्या दिवशी ती भांडतही नव्हती.

"दादूस, इतकी वर्सं देवाला हात जोरलं. दिवस गेलं तवापासून कुशी बदलताना पन भीती वाटते. आनी आता येक बॅनरसाठी त्याला काचेच्या पेटीत टाकू? तो तोंड उघरल आनी त्याला हवा मिलनार न्हाय. मना डोल्यासमोर दिसतंय रे."

"निकेत काय म्हणतो?"

"त्यो बोलतो, बाबांना वाईट वाटल."

माझं डोकं फिरलं. बाबांना वाईट वाटेल म्हणून बाळाने श्वास सोडून द्यायचा! मी तडक शेठकडे गेलो. मनात सगळं भाषण तयार होतं. शेठनी मला बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "बॅनरवर माजा फोटो जरा हसरा कराय येल का? सिरियस वाटतो मी." मी म्हटलं, "शेठ, डॉक्टरांचं ऐका, थांबा," तर ते म्हणाले, "तू फ्लेक्सवाला हास, तू फ्लेक्सचा बग. पोट आमी बगताव." मी चहा तसाच सोडून उठलो. एवढाच काय तो माझा पराक्रम.

एकतीस मेच्या सकाळी मी काट्यावर बॅनर बांधायला गेलो. अंगणात मंडप उभा राहिला होता, कढया उतरत होत्या, डीजेवाला चेक चेक करत होता. कमानीवर मी शेठ आणि युवराजांना चढवलं. दोघेही गॉगलमध्ये. घराकडून निकेतची गाडी हळूहळू काट्याच्या दिशेने आली. पुढे निकेत, मागे अमिषा आणि येसूबाई, डिकीत बॅगा. अमिषाची खुर्ची रिकामी होती म्हणून त्या दिवशी केबिनमध्ये शेठ स्वतः बसले होते. आधी काटा, मग हॉस्पिटल. रिवाज म्हणजे रिवाज.

पण गाडी काट्यावर घेता येईना, कारण काट्यावर आधीच एक ट्रक उभा होता. खाडीच्या रेतीने गच्च भरलेला. फळ्यांच्या फटींतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, काट्याखालचा खड्डा भरत चालला होता. शेठनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांचा पारा चढला. ते केबिनमधून बाहेर आले, रेतीत हात घातला आणि मूठ पिळली. पाणी गळलं.

"ए! रेती इकतंस का पानी इकतंस?"

ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, वजन तं भरलाय ना? मना पावती पायजे."

"वजन पान्याचा हाय! घेनारा घरी नेल, पानी जाल, खाली काय ऱ्हाल? माज्या काट्याव ओल्या रेतीला पावती मिलत न्हाय. ने तो बाजूला. निथलू दे. मंग ये."

"टाइम जाल शेठ. पार्टी थांबलीय."

"पार्टी मेली तं मरू दे. कच्चा माल मी पास करनार न्हाय!"

ट्रक कुरकुरत बाजूला गेला. निकेतने गाडी काट्यावर घेतली. शेठ आत गेले, आकडा पाहिला, पावती काढून खिशात ठेवली आणि हात हलवून चला म्हणाले. तेवढ्यात गाडीचं मागचं दार उघडलं आणि अमिषा खाली उतरली. काट्याच्या मधोमध, दोन्ही हात कमरेवर टेकून उभी राहिली. आधी मला वाटलं हिला काही दुखायला लागलं.

"बाबा," ती म्हणाली, "त्यो ट्रक कनाला परत पाठवला?"

"अगो, बगलास ना, ओला व्हता."

"पन वजन तं भरला व्हता."

"पान्याचा वजन त्ये, पोरी. त्याला काय अर्थ?"

"मंग माज्या पोटातला वजन साकरेचा हाय, बाबा. डॉक्टर काय येगला बोलली? अंग भरलाय, आतला दम भरला न्हाय. ओली रेती तुमी पास करत न्हाय. ओला नातवंड कसा पास करता?"

डीजेवाल्याचं चेक चेक थांबलं. रांगेतले ड्रायव्हर केबिनमधून माना बाहेर काढून बघत होते. रेतीवाला तर खालीच उतरला आणि ओरडला, "शेठ, न्याव येकच पायजे हा! तिला पावती देनार आसलाव तं मना पन द्या!"

कोणीतरी हसलं. शेठ खिडकीत तसेच उभे. त्यांनी खिशातली पावती काढून पाहिली आणि परत खिशात ठेवली. मी त्यांचे इतके फोटो पाहिलेत, पण तसा चेहरा एकाही फोटोत नव्हता. गॉगल नसलेला म्हातारा माणूस होता तो.

शेवटी ते म्हणाले, "पन मंडप घातलाय. मान्सा बोलावलीत. बॅनर चरलाय. आता मी लोकांना काय सांगू?"

त्यावर गाडीतून येसूबाईचा आवाज आला. ही बाई सुनेला आंबे चारण्यापलीकडे कशात पडत नाही असं मी समजत होतो. तिने काच खाली केली.

"काय सांगाचा? तुमचा जलम कंदी झाला त्ये तुमाला तरी ठावं हाय का? तुमची आवस, माजी सासू, सांगाची, भरतीच्या येलेला झालास. कंच्या दिवसाची भरती, तिला म्हाईत नव्हता. येक जून मास्तरनी दिला. आनी त्या मास्तरच्या तारखेसाठी माज्या सुनेचा पोट फारताव? निकेत, गारी मागं घे."

आणि गंमत म्हणजे निकेतने घेतली. बापाकडे न बघता रिव्हर्स टाकला आणि गाडी घराकडे मागे सरकली. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून काही केलं, तेही मागे जायचं.

शेठ मला म्हणाले, "चंदर, बॅनर उतरवू नको. पट्टी चिकटव. वारदिवस तिथीपरमानं."

"तिथी कुठली लिहू?"

त्यांनी जरा विचार केला. "लिव, तिथी लवकरच जाहीर करनेत येल."

मी तसं छापून चिकटवलं. जेवण मात्र एक जूनलाच झालं, कारण मटण काही तिथी बघत नाही. आलेल्यांनी पोटभर जेवून शेठना शुभेच्छा दिल्या, आणि शेठनी सगळ्यांना सांगितलं की मोठ्या माणसांचे वाढदिवस तिथीनेच करायचे असतात. पुढच्या आठवड्यात आणखी दोघे एक जूनवाले माझ्याकडे आले. त्यांनाही तिथी पाहिजे होती.

अमिषा पुन्हा डॉक्टर रचनांकडे जाऊ लागली. आंब्याची पेटी येसूबाईने स्वतः माझ्याकडे पाठवून दिली. साखर जरा आटोक्यात आली. मग जूनच्या मध्यावर, सदतीस आठवडे भरले न भरले तोच, एका दुपारी अमिषाचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यासमोर काजवे चमकू लागले. प्रेशर भडकलं होतं. निकेतने तिला आणि येसूबाईला गाडीत घातलं आणि अलिबाग गाठलं. त्या दिवशी काट्यावर गाडी थांबलीसुद्धा नाही. मागोमाग शेठ आणि मी पोचलो.

डॉक्टर हातमोजे चढवत बाहेर आल्या. "आता थांबायचं नाही. लगेच घेते."

शेठनी चाचरत विचारलं, "डॉक्टर, पन फेस?"

"आता फेस असो की नसो."

दार बंद झालं. आम्ही बाकड्यावर बसलो. शेठ उठत होते, बसत होते. बऱ्याच वेळाने आतून एक आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा बारीक, आणि थांबला. आम्ही सगळे त्या दाराकडे बघत राहिलो. मग तो आवाज पुन्हा आला, या वेळी जरा लांब, जरा चिडका.

मुलगी झाली होती. तीन किलो आणि वर बरंच काही. पण तिचा श्वास भरभर चालला होता, नाकपुड्या फुलत होत्या, म्हणून तिला काचेच्या पेटीत ऑक्सिजनवर ठेवलं. शेठ त्या काचेला नाक लावून उभे राहिले. एवढी गुबगुबीत पोर, अंगाने त्या खोलीतल्या सगळ्या बाळांत मोठी, आणि प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. शेठ तो खड्डा बघत होते. जेवायला चला म्हटलं तरी हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "ऑक्सिजन काढतेय. ठीक आहे आता. पुरे दिवस भरत आले होते म्हणून एवढ्यावर भागलं. एक जूनला काढली असती तर..."

"बोलू नका," शेठ म्हणाले. "मी रातभर त्योच बगत व्हतो."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूपच बरं वाटलं.

घरी आणायच्या दिवशी मी सकाळीच कमानीवर नवा बॅनर बांधला. शेठचा हुकूम होता, युवराज काढ, युवराज्ञी लिव, गॉगल तसाच ठेव. तारखेची जागा त्यांनी रिकामी ठेवायला लावली. गाडी आली. पुढे निकेत, मागे अमिषा आणि येसूबाई, आणि या वेळी येसूबाईच्या मांडीवर दुपट्यातलं गाठोडं. शेठनी आधीच केबिनमध्ये ठाण मांडलं होतं. मागे चार ट्रक खोळंबले तरी त्यांनी गाडी काट्यावर उभी करवली. खिशातून एकतीस मेची पावती काढली, टेबलावर नीट पसरली, शेजारी नवी पावती ठेवली. मग दोन्हींकडे आळीपाळीने बघत बसले.

"चंदर," ते हळूच म्हणाले, "काय तरी घोल हाय. त्या दिवशी तिगंजना व्हती. आली तवा चौगंजना हायती. आनी वजन दहा किलोनी कमी?"

मी बघितलं. काटा खरंच घट दाखवत होता. माल आला आणि वजन उतरलं, असं त्या काट्यावर चोरी झाल्याशिवाय कधी घडलं नव्हतं.

अमिषाने गाडीची काच खाली केली होती. तिने ते ऐकलं आणि टाके दुखत असतानाही हसायला लागली. "पानी निथललाय, बाबा. माल जागच्या जागी हाय."

शेठ पावत्या तिथेच टाकून केबिनमधून बाहेर आले. चपला घालायचं राहिलंच, जून महिन्याच्या चिखलातून तसेच चालत गाडीपाशी गेले. येसूबाईने दुपटं जरा सरकवलं. शेठ खिडकीतून आत वाकले आणि त्यांनी आपला कान पोरीच्या नाकाजवळ नेला. मागचे ट्रकवाले हॉर्नवर हॉर्न वाजवत होते. शेठनी मान न उचलता एक हात वर केला आणि ओरडले,

"हॉर्न बंद करा रे! मना तिचा दम ऐकू येत न्हाय."